हापशीची जन्मतारीख

दादा, तुझा फळा परवापर्यंत तिथंच होता, आर्णीच्या घराच्या ओट्यावर, भिंतीला टेकवलेला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. बारा एप्रिल कोरा गेला, सोळा कोरा गेला, एकोणीसही कोराच गेला. गल्लीतले लोक येता-जाता त्याच्याकडे पाहायचे आणि पुढं जायचे. समोरच्या चहावाल्या रफीकभाईंनी तर वहिनीला विचारलंच, की यंदा अंतराळवाल्याची जयंती नाही का. वहिनी म्हणाली, करणाराच गेला.

मला बसवत नाही. तुझा जलदान विधी झाला तेव्हापासून ही अशी गत आहे. घरात फिरते, अंगणवाडीत जाते, हापशीवर जाते, परत येते. हे लिहायला बसते आणि गॅसवर काही ठेवलंय असं वाटून उठते. काही ठेवलेलं नसतं. लोक म्हणतात रडून घे, मोकळं वाटेल. रडू येतं रे, पण त्याच्या आधी राग येतो. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास, आणि अर्धवट भांडणाचं काय करायचं असतं ते कोणी सांगत नाही.

जयंती कशी करायची हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. टेबल, टेबलावर पांढरी चादर, फोटो, हार, मेणबत्ती, भाषण आणि सरबत. चौदा एप्रिलची तयारी करतच आपली वस्ती लहानाची मोठी होते. तू फक्त एवढंच केलंस की तीच पद्धत यंत्रांना लावलीस. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवायचास, आणि उन्हाळा लागला की घरच्या ओट्यावर टेबल मांडायचास. बारा एप्रिलला माणूस पहिल्यांदा पृथ्वी सोडून वर गेला, त्याची जयंती. सोळाला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, तिची. एकोणीसला आपला पहिला उपग्रह. मे महिन्यात तारायंत्रावरून पहिला जाहीर निरोप गेला, त्याचीही. चौदाचे हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचास आणि सोळाला आगगाडीच्या चित्राला घालायचास. मी हसले की म्हणायचास, "कंजूषपणा नोय हा. सन्मान हाय."

लोक आधी हसले. मग सरबतासाठी आले. मग ऐकायला लागले. आगगाडीच्या दिवशी आपल्या यवतमाळच्या छोट्या गाडीची आठवण निघायची आणि म्हातारे उठायचं नाव घ्यायचे नाहीत. वहिनी आतून ओरडायची, की साखर संपली, आता गाडी थांबवा.

तारखेच्या बाबतीत तू फार कडक होतास. चंद्रावर माणूस उतरला ती जयंती सगळं जग वीस जुलैला करतं. तू एकवीसला करायचास, कारण तो उतरला तेव्हा आपल्या घड्याळात तारीख बदलून गेली होती. रफीकभाई म्हणाले, सर, चाँदवाले को तो बीस ही मालूम है. तू म्हणालास, त्याला वीस असेल, आर्णीत एकवीस होती. तो विषय तिथंच संपला.

आणि इतक्या जयंत्या करणाऱ्या माणसाला मी एकच मागितली होती. आपल्या वस्तीतल्या हापशीची.

तुला सांगायची गरज नाही, पण मला पुन्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावच्या विहिरीवर आईला चढता येत नव्हतं. आपल्यापैकी कोणालाच येत नव्हतं. ती खाली पाण्याचा गुंड ठेवून उभी राहायची आणि वर कोणी पाणी ओढायला येतं का याची वाट पाहायची. कोणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर तो वरून ओतायचा. निम्मं गुंडात, निम्मं अंगावर. आई मान वर करून हात जोडायची. मग एका उन्हाळ्यात वस्तीच्या मधोमध बोअरची गाडी आली, दिवसभर घरघर चालली, सगळ्यांच्या घरात धूळ गेली, आणि जमिनीतून पांढरट पाणी उसळलं. काही दिवसांनी हापशी बसली. आईनं दांडा दाबला. पाणी आलं, आणि सवयीनं तिनं वर पाहिलं. वर कोणी नव्हतं. ही गोष्ट सांगताना आई हसायची. मला ती ऐकून कधी हसता आलं नाही.

म्हणून मी दर उन्हाळ्यात तुझ्या मागं लागायचे. तू चंद्राला हार घालतोस, तारायंत्राला घालतोस, मग जिच्यामुळं आईचे हात सुटले तिला का नाही? तुझं उत्तर ठरलेलं, तारीख आण. मी चिडायचे. पण एकदा तू जरा थांबून बोललास, ते माझ्या मनातून जात नाही.

"मॅडम," तू मला अंगणवाडी लागल्यापासून मॅडमच म्हणायचास, "ज्याले तारीख नाही त्याले लोक कहानी म्हनतात. आपल्या मायच्या गोष्टीले कोनी कहानी म्हनाव, हे मले चालत नाही."

 तारीख तू शोधलीसही प्रामाणिकपणे. पंचायत समितीत गेलास, तिथल्या बाबूनं सांगितलं की इतकं जुनं काही राहिलेलं नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारलंस. गोमाजीबुवा म्हणाला, माझी लाल गाय मेली तो उन्हाळा. चंद्रभागाबाई म्हणाली, माझ्या पुतणीचं जमलेलं लग्न मोडलं तो. आई तेव्हा होती, ती म्हणाली, "तू दुसरीत नापास झालता नं, तोच उन्हाळा." त्यावर तू ताबडतोब जाहीर केलंस की आईची आठवण आता भरवशाची राहिलेली नाही.

आपलं हे भांडण असंच चालत राहिलं असतं आणि मला त्याचं काही वाटलं नसतं. पण या हिवाळ्यात वस्तीचा सिमेंट रस्ता मंजूर झाला. हापशी बरोब्बर त्याच्या मधे येते. ओटा फोडायचा, हापशी उपटायची, भोक बुजवायचं आणि वरून सिमेंट ओतायचं असं ठरलं. मी सरपंचाकडं गेले. सरपंच म्हणजे आपली वंदना, आपल्याच वस्तीची सून, माझ्यासमोर लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, आता नळ आला ना मावशी. मी म्हटलं, नळ आला, पाणी कुठं आलं. लाइन असली तर एक दिवसाआड, नाही तर राम भरोसे. मे महिन्यात अजूनही अर्धी वस्ती हापशीवरच असते, हे तिलाही माहीत आहे, तीही असते.

"मले काढाची हौस नाही, मावशी," ती म्हणाली. "पन ठेकेदार म्हनते, एका जुन्या हापशीसाठी रस्ता वाकडा कायले करू. तिची जयंती होत असती तं कोनी हात लावला नसता."

ती बोलून गेली आणि मी उठूनच उभी राहिले. खरंच होतं. आपल्या जिल्ह्यात एकदा का एखाद्या गोष्टीला हार पडला, की तिला कोणी हलवत नाही, रस्ताच वळतो. देऊळ असो, पुतळा असो, कोणाच्या नावाचा चौक असो. मी दुसऱ्या दिवशी आर्णीची गाडी धरली. डब्यात तुझ्यासाठी वाळल्या अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती, कारण तुझ्याशी भांडायचं तर तुझं पोट भरलेलं असलेलं बरं.

तू जेवलास, हात धुतलेस, खुर्चीत बसलास. मी विचारलं, दादा, तुझी जन्मतारीख काय? तू म्हणालास, एक जून. मी विचारलं, कोणी सांगितली?

तुला कळलं मी कुठं चाललेय ते. तुझ्या मिशीत हसू आलं होतं, मी पाहिलं. आई तुला शाळेत घालायला गेली तेव्हा गुरुजींनी जन्म कधीचा म्हणून विचारलं. आईनं सांगितलं, भर उन्हाळा होता, मी वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेले होते. रजिस्टरात पऱ्हाट्यांना जागा नसते. गुरुजींनी लिहिलं, एक जून. गोमाजीबुवाच्या पोराला तीच, चंद्रभागाबाईच्या दोन्ही पोरांना तीच, आणि मला शाळेत घातलं तेव्हा मलाही तीच. आपल्या वस्तीत एका दिवशी जेवढी माणसं जन्मली तेवढी एखाद्या मोठ्या दवाखान्यातही जन्मत नसतील. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात स्टेजवर वेगवेगळ्या खात्यांतल्या एक जूनवाल्यांची रांग लागली होती, शाली कमी पडल्या आणि तुझी शाल काढून शेजारच्याला घालून पुन्हा फोटो काढला. त्या दिवशी आपण किती हसलो होतो.

मी म्हटलं, आईनं गुरुजींना तुझ्याबद्दल जे सांगितलं तेच ती हापशीबद्दल सांगत होती. भर उन्हाळा होता. तुझ्यासाठी तेवढं पुरलं. त्याच्यावर तुला नोकरी लागली, त्याच्यावरच तू निवृत्त झालास. मग हापशीला ते का पुरत नाही?

तू फिटर. यंत्रावर आलास. म्हणालास, ती हापशी ती राहिलीच कुठं, दांडा बदलला, साखळी बदलली, वरचं डोकंही एकदा बदललं. मी म्हटलं, तुझे दात बदलले, दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवली, तरी वहिनीनं तुला घरात घेणं बंद केलं का? आतून वहिनीचा आवाज आला, की विचार चालू आहे. तू हसलास. मग म्हणालास, "ती अन् मी सारखे हाव का?" मी म्हटलं, "नाही. ती अजून रोज कामाले येते."

यावर तू चष्मा काढून धोतराच्या फडक्यानं पुसत बसलास. मग विचारलंस, "दाखला कोन देईन तिले?"

"मी देईन," मी म्हटलं. "आता वस्तीतल्या सगळ्या लेकरायच्या जन्मतारखा मीच लिवतो."

आणि तू म्हणालास, "पाहू."

बस. एवढंच. त्यानंतर तू मला गाडीत बसवून द्यायला आलास, खिडकीतून द्राक्षांची पिशवी दिलीस, आणि आपण हापशीबद्दल पुन्हा बोललो नाही. एप्रिल लागला आणि एका सकाळी वहिनीचा फोन आला. तुझ्या छातीत कळ आली म्हणाली, गाडीत घातलंय, यवतमाळला नेतोय. यवतमाळ यायच्या आधीच तू गेला होतास. मी पोचले तेव्हा तुझ्या हातावर खडूची पांढरी रेघ होती. कदाचित बाराच्या जयंतीसाठी फळा पुसत असशील. ती रेघ मी पुसली नाही, कोणालाही पुसू दिली नाही.

दादा, तू मला खूप दिलंस. तू नसतास तर मी दहावीच्या पुढं गेले नसते. बापाशी भांडून माझं नाव कॉलेजात तू घातलंस, सायकल दिलीस आणि पंक्चर काढायला शिकवलंस, म्हणालास की दुसऱ्याच्या भरवशावर चाक फिरवायचं नाही. हे सगळं तुला सांगायचं राहिलं. भांडायला वेळ होता, हे सांगायला कधी मिळाला नाही, की सांगायची लाज वाटली, मला माहीत नाही. बहीण-भावात असं बोलायची आपल्याकडं रीत नाही.

मे उजाडला तशी माझी तगमग वाढली. रस्त्याची गिट्टी येऊन पडली. ठेकेदाराच्या माणसानं चुन्याची रेघ मारली ती थेट हापशीच्या ओट्यावरून गेली. मी वस्तीतल्या लोकांना गोळा केलं आणि म्हटलं, एक जूनला हापशीची जयंती करू. बायका लगेच हो म्हणाल्या. पण गोमाजीबुवानं मान हलवली. म्हणाला, तुझा भाऊ नाही म्हणत होता ना. तो शिकलेला माणूस, तारखेशिवाय जयंती नाही म्हणायचा, त्याला जाऊन महिना-दीड महिना झाला नाही तर त्याच्या शब्दाबाहेर जायचं? आणि हो म्हणालेल्या बायकाही उठून गेल्या. तुझ्या शब्दाला वस्तीत किती वजन आहे ते मला माहीत होतं, पण ते असं माझ्याच आडवं येईल असं वाटलं नव्हतं. त्या ‘पाहू’ शब्दावर मी किती दिवस नुसती येरझारा घालत होते. हो म्हणालास की टाळलंस? तुझं ‘पाहू’ मला जन्मभर कळलं नाही आणि आता विचारायची सोय नव्हती.

शेवटी मी ठरवलं, कोणी येवो न येवो, मी एकटी करीन. फळा आणायला आर्णीला गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, तारीख कोणती लिहिणार? मी सांगितलं, एक जून. तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं.

"मंग नवीन काय करता तुमी," ती म्हणाली. "एक जूनले तं ते दरसाल हापशीवरच असत."

मी म्हटलं, काय? तर ती सांगू लागली. तुझा वाढदिवस तू कधी करू दिला नाहीस, खोट्या तारखेचा केक नको म्हणायचास, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी तू लवकर उठायचास, पान्हा, ग्रीसचा डबा आणि नवे वायसर पिशवीत घालायचास आणि आपल्या वस्तीकडं निघायचास, हे तिनं सांगितलं. एका वर्षी त्या दिवशी तिच्या भाच्याचं लग्न होतं. ती म्हणाली, हापशीचं काम उद्या करा. तू ऐकलं नाहीस.

"मले म्हने," वहिनी बोलली, "नाही, तिचा दिवस आजच हाय."

मी मनात एकेक उन्हाळा आठवून पाहिला, दादा.

तू यायचास की. दर उन्हाळ्याच्या शेवटी यायचास, हापशी उघडायचास, साखळीला ग्रीस लावायचास, वायसर बदलायचास आणि काळे हात घेऊन माझ्याकडं जेवायला यायचास. मी लिंबाचं सरबत करायचे, तू दोन पेले प्यायचास. मला वाटायचं सुट्टी असते म्हणून येतो. तारीख मी कधी पाहिली नाही. एक जून ही आपल्या वस्तीत कोणाच्याच लक्षात राहत नाही, कारण ती सगळ्यांचीच आहे. हार नव्हता, मेणबत्ती नव्हती, पण सरबत होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं. इतकी वर्षं तू तिची जयंती करत होतास आणि मी तुझ्याशी भांडत होते की कर.

मग भांडलास कशाला माझ्याशी? मला याचं उत्तर पाहिजे. चार लोकांसमोर खात्री नसलेली तारीख मांडायची तुझी तयारी नव्हती असं म्हणू? की मीच ती मांडावी अशी वाट पाहत होतास? वहिनीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही भांडायला आलात की ते दोन भाकरी जास्त खात, मला एवढंच कळायचं.

आज एक जून. सकाळीच टेबल मांडलं. फळ्यावर तुझ्यासारखं वळणदार अक्षर मला जमलं नाही. लिहिलं: हापशी. जन्म, एक जून. साल, दादा दुसरीत नापास झाला ते. गोमाजीबुवाला वहिनीनं येऊन स्वतः सगळं सांगितलं, तेव्हा तो घरी गेला आणि हार घेऊन आला. कोणीतरी तुझा फोटो आणून हापशीशेजारी ठेवला. मी म्हटलं, आज हिची जयंती आहे. वंदना म्हणाली, दोघांची आहे मावशी, दाखला पाहा. ठेकेदाराचा माणूस आला, हार पाहिला, चपला बाजूला काढून उभा राहिला. सरबत प्याला. मग कोणी न सांगता त्यानं चुन्याची जुनी रेघ पायानं पुसली आणि नवी मारली, ओट्याला वळसा घालून. रस्ता तिथं वाकडा होणार आहे. तू असतास तर कोन मोजला असतास.

यंदा वायसर बदलायला तू नव्हतास. दांडा कुरकुरत होता, पाणी चढत नव्हतं. वहिनीनं तुझी पिशवी आणली होती. मी आणि वंदनानं झाकण उघडलं, साखळीला ग्रीस लावलं, खालचे वायसर पुढच्या आठवड्यात पाइप उपसून बदलायचे ठरवलं. पहिला गुंड मी भरायचा असं बायकांनी ठरवलं होतं. मी दांडा दाबत राहिले. बराच वेळ नुसता खडखडाट झाला. मग पाणी आलं, आणि का कोण जाणे, मी वर पाहिलं. कोणी नव्हतं. मी गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आले.